टाकीपासून तिसरं घर

त्या गल्लीत पत्ता सांगायची एकच रीत होती. टाकीपासून मोजायचं. टेकडीच्या अंगावरून खाली उतरत आलेली ती गल्ली, वरच्या टोकाला पाण्याची सिमेंटची टाकी, आणि टाकीपासून खाली एका रांगेत घरं. घरांना नंबर होते, नगरपालिकेनं पत्र्याच्या पाट्याही ठोकल्या होत्या, पण त्यांच्याकडे बघतो कोण? टाकीपासून पहिलं न्हाव्याचं, दुसरं शाळेतल्या बाईंचं, तिसरं काकांचं, चौथं बंद, पाचवं टेलरचं. नवा पोस्टमन येऊन नंबर विचारायला लागला की लोक त्यालाच वेड्यात काढायचे. "नंबरबिंबर राहू द्या हो, टाकीपासून कितवं ते बोला!"

आणि टाकी ज्यांच्या ताब्यात, ते टाकीकाका. सकाळी खाली रस्त्याकाठच्या पंपघरात जाऊन पंप सुरू करायचा, टाकी भरली की वर जाऊन व्हॉल्व्ह सोडायचा, हे काम त्यांनी जन्मभर केलं. निवृत्त झाले तरी चावी सोडली नाही. नगरपालिकेनं पाठवलेल्या नव्या माणसाला त्यांनी असं काही पिडलं की तो बिचारा स्वतःहून दुसरीकडे बदली मागून गेला. कुठल्या घराखालून कुठला पाइप गेलाय, कुठं सांधा गळतो, सगळं काकांना तोंडपाठ. पाइपाला लोखंडी सळई लावायची, सळईला कान लावायचा, की पाणी कुठं झिरपतंय ते कळायचं. "इथली जमीन माझ्याशी बोलते," असं ते म्हणायचे. माणसांशी त्यांचं फारसं पटत नव्हतं, म्हणून असेल.

काकूंना मात्र ती गल्ली कधीच रुचली नाही. चढ चढून गुडघे गेले, भिंतींना बारा महिने ओल, कपड्यांना कुबट वास. मुलगी लग्न होऊन जवळच्याच शहरात सपाट जागी राहायला गेली होती. तिच्या घरात एक खोली रिकामी होती आणि ती दर भेटीला विचारायची. काकू आशेनं नवऱ्याकडे बघायच्या. काका म्हणायचे, "माझा जीव या जागेत आहे." काकूंचा जीव कुठं आहे, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नाही. ते वाईट होते असं नाही. त्यांना खरोखरच वाटायचं की बायको म्हणजे घराचाच एक भाग, आणि घर काही कुठं जात नसतं. सकाळी चहा झाला की काकू सांडशीनं मोरीतल्या नळाच्या पाइपावर ठोकायच्या. टक टक, टक टक. तो आवाज पाइपातून थेट खाली पंपघरात पोचायचा आणि काका चहाला वर यायचे. दोघांमधलं बोलणं म्हणाल तर बहुतेक एवढंच.

त्या वर्षी पाऊस थांबायचं नाव घेईना. टेकडीला वरच्या अंगाला भेग पडली. नगरपालिकेची जीप येऊन भोंग्यावरून ओरडून गेली, की सगळ्यांनी घरं सोडा, शाळेत सोय केली आहे. न्हावी गेला, बाई गेल्या, टेलर बायकापोरांना घेऊन गेला. जाताना शिलाई मशीन उचलायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते जुनं, बिडाच्या पायांचं धूड आणि तेही फरशीत बोल्टनं पक्कं केलेलं. जीव महत्त्वाचा म्हणून ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत गल्ली ओस पडली.

काकूंनीही पिशवी भरली होती. दोन साड्या, औषधं, चष्मा. काकांनी ती पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि एकेक वस्तू काढून परत फळीवर ठेवली.

"अहो, सगळे गेले," काकू म्हणाल्या.

"सगळे भित्रे आहेत. ही टेकडी मी लहानपणापासून बघतोय. ती आपल्याला काही करायची नाही."

"मग तुम्ही राहा. मी जाते लेकीकडे."

"जा ना. एकटी जाऊन दाखव."

गुडघे धरून बसणाऱ्या बाईला, धो धो पावसात, उतारावर, हे वाक्य. काकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. काकू गेल्या नाहीत.

सकाळी काका नेहमीसारखे पंपघराकडे निघाले. काकू दारात आल्या. "पाणी कुणाला सोडताय? गल्लीत चिटपाखरू नाही."

"टाकी रिकामी ठेवायची नसते," काका म्हणाले आणि उतरून गेले.

त्यांनी पंपाचा खटका ओढला आणि वरून असा आवाज आला, की जणू कुणीतरी भलंमोठं कपाट ओढत आणतंय. ते बाहेर आले तर टेकडीचा अर्धा भाग खाली यायला निघाला होता. झाडं उभीच्या उभी चालत होती. काका बघत राहिले. थोड्याच वेळात सगळं थांबलं. गल्ली नव्हती. नुसता लाल चिखल, दगड, मधूनच वर आलेला एखादा पत्रा.

आणि टाकी उभी होती.

सरळ, शाबूत, जशीच्या तशी, चिखलातून अर्धी वर. शाळेतून धावत आलेल्या लोकांनी आधी ती बघितली आणि त्यांना रडू फुटलं. "टाकी आहे! टाकी आहे!" न्हावी तर जमिनीला हात लावून नमस्कार करायला लागला. सगळं गेलं तरी मोजायला सुरुवात करायची जागा शिल्लक होती. काकांचा जीव तिथं अडकला तो अडकलाच.

बचाव पथक शाळेत मुक्कामालाच होतं, ते लगेच आलं. पथकाचे साहेब बुटके, शांत, कमी बोलणारे. एकच पोकलेन वर चढवता येत होतं आणि त्यालाही फिरायला जागा थोडी. साहेबांनी काकांना विचारलं, "आत किती माणसं आहेत?"

"एकच. माझी बायको."

"घर कुठं होतं?"

काका चिखल तुडवत टाकीशी गेले, टाकीला हात लावला आणि तिथून नेहमीच्या चालीनं उतरत आले. डोळे मिटूनही ते आले असते. एका जागी थांबले आणि पाय आपटून म्हणाले, "इथं. माझ्या पायाखाली माझी मोरी आहे."

पथकात एक मुलगी होती, जाड चष्म्याची, गळ्यात फोन अडकवलेली. ती फोनमधल्या नकाशाकडे बघत होती आणि सारखी मागं, टाकीच्या बाजूला बघत होती. ती म्हणाली, "काका, नकाशात तुमचं घर इथं नाही दिसत. अजून वर दिसतंय. दोनेक घरं वर, अगदी आत्ता टाकी आहे तिच्या जवळ."

"टाकीजवळ न्हाव्याचं घर," काका म्हणाले.

"तेच म्हणते मी. टाकीच खाली सरकलेली असू शकते. खालच्या खडकासकट. असं होतं कधी कधी."

जमलेल्या लोकांत खसखस पिकली. त्या प्रसंगातही पिकली. टेलर म्हणाला, "बाई, पाण्यानं भरलेली टाकी आहे ती, हातगाडी नाही." काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालची पोर, हातात एक काचेचा तुकडा, आणि यांना यांचं घर दाखवते!

"तुमच्या फोनला विचारा," ते म्हणाले, "की तिसऱ्या घराच्या न्हाणीला गळती कुठं होती. सांगतो का बघा."

चष्मेवालीनं टाकीचा तुटलेला पाइप दाखवला. तो गल्लीकडे असायला हवा होता, आता टेकडीकडे तोंड करून लोंबत होता. काकांनी तो आल्या आल्याच पाहिला होता. व्हॉल्व्हचं चाकही डावीकडचं उजवीकडे आलं होतं. धक्क्यानं पिळवटलं असेल, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि एकदा ठरवलं की काका त्यावर पुन्हा विचार करत नसत.

एवढ्यात त्यांची मुलगी आली. चिखलात चपला गेलेल्या, अनवाणी. तिनं सगळं ऐकलं आणि बापाचा दंड धरला. "बाबा, त्यांचं ऐका ना. त्यांच्याकडे नकाशा आहे."

"तू गप्प बस. तुला काय माहीत जागेतलं? तू सोडून गेलीस."

साहेबांनी एकदा चष्मेवालीकडे बघितलं, एकदा फोनकडे, एकदा गल्लीतल्या सगळ्या लोकांकडे. सगळी गल्ली एकमुखानं सांगत होती, काका म्हणतात तेच बरोबर, तिसरं घर इथंच. एवढ्या माणसांनी जन्म घालवला इथं, ती चुकतील कशी? साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पथकातल्या एकानं जमिनीत सळई खुपसली आणि कान लावला. काकांनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः कान लावला.

टक टक. टक टक.

काकांनी वर बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मुलगी सगळा राग विसरून त्यांच्या गळ्यात पडली. "ठोकतेय! पाइपावर ठोकतेय ती! जिवंत आहे!" लोक टाळ्या वाजवायला लागले. काका जमिनीशी तोंड नेऊन ओरडले, "आलो गं! आलोच!" असं ते काकूंशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

चष्मेवाली मात्र म्हणाली, "पाइप सगळ्या घरांखालून जातो ना? मग आवाज पाइपातून कुठूनही येईल."

हे काकांना तिच्यापेक्षा कितीतरी जास्त ठाऊक होतं. तो आवाज कुठून कुठं जातो यावर तर त्यांचा रोजचा चहा चालायचा. पण त्या घटकेला त्यांना ते ठाऊक असायला नको होतं, आणि माणूस मनावर घेतो तेव्हा जे ठाऊक आहे तेही विसरू शकतो. "इथंच आहे ती," ते म्हणाले. "चालू करा मशीन."

पोकलेनवाल्यानं पहिला घास उचलला आणि विचारलं, "माती कुठं टाकू?" खाली लोक, ॲम्ब्युलन्स, यायचा रस्ता. बाजूला कडा. साहेब विचारात पडले. काकांनी वरच्या अंगाला हात केला. "तिकडं टाका. तिकडं काही नाही. न्हाव्याचं रिकामं घर आणि त्यामागची पडीक जागा ती. दगड नुसते."

"साहेब, तिथं नको," चष्मेवाली म्हणाली. "नकाशावर घर नेमकं तिथंच आहे."

"मग काय माझ्या डोक्यावर टाकायची?" काका ओरडले.

दुसरी जागाही नव्हती. साहेबांनी मान हलवली. पहिला घास वर पडला, मग दुसरा, आणि मग मोजायचं कुणी सोडूनच दिलं. वरच्या अंगाला मातीचा ढीग वाढत गेला. चष्मेवाली त्या ढिगाच्या कडेला एकटीच उभी राहिली होती, पाऊस अंगावर घेत.

मधे मधे मशीन थांबवून ऐकायचे. टक टक यायचं. मग नुसतं टक. दुपार कलल्यावर थांबून थांबून, जसं कुणी कंटाळलंय. "दमली असेल," काका म्हणाले. "हात दुखतो तिचा." मग आवाज आलाच नाही. साहेबांनी पुन्हा ऐकायला लावलं, पुन्हा नाही. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मुलगी खड्ड्याच्या कडेला बसून आईला हाका मारत होती.

मग पोकलेनच्या दातांना लोखंड लागलं. सगळे पुढं धावले. हातांनी माती बाजूला केली. बिडाचे दोन नक्षीदार पाय, त्यावर तुटकी फळी.

"हे माझं मशीन आहे," टेलर म्हणाला. "माझं शिलाई मशीन. काका, माझं घर तर पाचवं."

काकांना सगळं कळलं. तिथल्या तिथं, एका झटक्यात, सगळं. इथं टेलरचं घर आहे. म्हणजे टाकी दोन घरं खाली आलीय. म्हणजे तिसरं घर वर, आणि वर काय आहे ते बघायची त्यांची छाती होईना. त्यांनी मान वळवलीच नाही.

"वाहून आलंय ते," काका म्हणाले.

"खालून वर वाहून आलं?" चष्मेवालीनं विचारलं.

"माती कुठून कुठंही नेते. तुम्हाला काय कळतंय? खणा अजून. खाली माझी मोरी लागेल."

याला काय म्हणावं? बायको गाडली गेलीय हे कळून बोललेलं हे वाक्य आहे. चुकलो म्हटलं असतं तर तेवढा वेळ तरी वाचला असता. पण चुकलो म्हणायचं तर आधी टाकी चुकली असं म्हणायला हवं, आणि टाकी चुकली तर मग त्यांच्याजवळ उरलं काय? टेलरनं त्यांच्याकडे बघितलं, गल्लीतल्या सगळ्यांनी बघितलं, आणि सगळे मूग गिळून गप्प बसले. काकांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडायची सवय कुणालाच नव्हती. पोकलेन पुन्हा खणायला लागलं. काढलेली माती पुन्हा वर पडायला लागली. काका बघत होते. प्रत्येक घास कुठं पडतोय ते त्यांना नेमकं माहीत होतं, आणि ते बघत होते.

शेवटी फरशी लागली. शिलाई मशीनचे पाय फरशीत बोल्टनं पक्के होते, गंजलेले, जागचे हललेलेसुद्धा नव्हते. टेलर खड्ड्यात उतरला, बोल्टवर हात ठेवला आणि रडत रडत ओरडला, "माझीच फरशी आहे ही, साहेब! घरं जागेवर आहेत! काका, बोला ना!"

काका खाली बसले. त्यांचा हात आपोआप वर उठला आणि ढिगाकडे गेला.

मुलीनं त्या हाताच्या दिशेनं बघितलं. तिला आधी समजलं नाही, मग समजलं. ती ढिगाकडे धावली आणि नखांनी माती उपसायला लागली. साहेबांनी मशीन वळवलं. सकाळपासून जी माती टाकली होती, ती आधी काढावी लागली. तीच माती, त्याच मशीननं, उलटी. मग लोकांनी फावडी घेतली, घमेली घेतली, ज्याला जे मिळालं ते. काकाही खणत होते. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं आणि त्यांना अडवायला कुणी जात नव्हतं.

अंधार पडायच्या सुमाराला मोरीची भिंत लागली. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जिथं भांडी ठेवायची पोकळी होती, तिथं काकू बसलेल्या होत्या. गुडघे पोटाशी, पाठ भिंतीला. तिन्ही बाजूंनी दगडी ओटा शाबूत होता. चौथ्या बाजूनं, जिकडून हवा येत असणार, माती आत घुसली होती. ती माती सुटी होती, भुसभुशीत होती. नुकतीच उपसून टाकलेली माती तशीच असते. हातात सांडशी होती.

पथकाच्या डॉक्टरीणबाई आत शिरल्या, मानेला बोटं लावली, पापणी उचलली. मग साहेबांकडे बघून हळूच मान हलवली. "फार वेळ झालेला नाही," त्या म्हणाल्या. त्यांना ते हळू बोलायचं होतं, पण तिथं इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

मुलीनं आईचा हात हातात घेतला, गालाला लावला. तशीच बसून राहिली. मग वळून बापाला म्हणाली, "बाबा, आई अजून गरम आहे."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं.

काका काहीतरी बोलायला गेले. "मला वाटलं..." एवढंच आलं. मग म्हणाले, "तिथंच होतं घर. जन्मभर तिथंच होतं." न्हावी पुढं आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमची काय चूक? आम्हीही तेच सांगितलं ना. टाकीच फसवी निघाली." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. त्यांनाही हे म्हणणं फार सोयीचं होतं. चष्मेवाली एकटीच दूर दगडावर बसून चष्मा पुसत होती. एकदा पुसून झाला तरी पुसत होती. तिला कुणी काही बोललं नाही, आणि ती बरोबर होती हेही कुणी म्हणालं नाही.

काकूंना स्ट्रेचरवर घेऊन चौघांनी चिखलातून खाली उतरवलं. काका मागून गेले, घसरत, उठत. ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं. स्ट्रेचर आत सरकवलं. मुलगी आत चढली आणि आईच्या तोंडावरची माती पदरानं पुसायला लागली. ड्रायव्हरनं विचारलं, "कुठं न्यायचं?"

"माझ्या घरी," ती म्हणाली. "तिला यायचं होतं माझ्याकडे."

काकांनी दाराच्या दांड्याला धरलं आणि एक पाय आत टाकला. ड्रायव्हरनं त्यांना हात द्यायला हात पुढं केला. "आजोबांना घेऊ ना, ताई? बसतील ते इथं बाजूला."

मुलीनं बापाचा दांड्यावरचा हात अलगद सोडवला. लहान मुलाच्या हातातून काही काढून घ्यावं, इतक्या हळुवार, एकेक बोट.

"नको, बाबा," ती म्हणाली. "तुमचा जीव इथं आहे ना? तुम्ही राहा."

आणि तिनं दार आतून ओढून घेतलं.